चाळीस दिवस टिकणारं कार्ड

बांतामा, कुमासी
९ मे २०१७

पोकुआताईस,

पत्र बघून कपाळाला आठ्या घालू नकोस. मला काही कागद काळे करायची हौस आलेली नाही. घराण्याचे प्रमुख म्हणून नाना अमोआकोंचा हुकूम आहे. मामा गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी स्टुडिओच्या खोलीचं कुलूप काढलं तेव्हा आपण अख्ख्या अंगणादेखत भांडलो. तू मला चोर म्हणालीस, मी तुला परकी म्हणालो, आणि नानांनी काठी आपटली. स्टुडिओबद्दल ह्या दोघांनी फोनवर अवाक्षर बोलायचं नाही, जे असेल ते लिहायचं आणि प्रत घराण्याच्या पेटीत टाकायची. मग लिहितो. पत्र दुपारच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतोय, टेमाच्या स्टँडवर घे.

तर ताई, बोआदीमामांचं मशीन शिट्ट्या मारतंय. सुरू केलं की एकच लांब शिट्टी, मग जरा दम खातं, मग पुन्हा. शेजारची मासळीवाली येऊन विचारून गेली की तुमच्याकडे पाव भाजायच्या भट्टीची शिट्टी वाजतेय का. घराण्याने मामांची खुर्ची मला दिली खरी, पण मशीनची बोली ते तुला, पोटच्या लेकीला, शिकवून गेले. मी कॅमेरा धरणारा माणूस. आत आठ हार्ड डिस्क आहेत, त्यात कुमासीचे बावीस वर्षांचे अंत्यविधी आहेत आणि त्या आठही डिस्क एका कार्डाच्या हातात आहेत, एवढंच मला कळतं. सुलेमाना, तो अडुम बाजारातला कॉम्प्युटरचं सामान विकणारा, येऊन बघून गेला. म्हणतो रेड कंट्रोलर कार्ड गेलंय, नवं टाका. कार्डाला चिकटवलेली बॅटरी उंदीर गिळलेल्या सापासारखी फुगलीय.

आता खरं दुखणं सांगतो. 'अबेना मान्सा, २८ जानेवारी' हा फोल्डर उघडला की आत काही नाही. माझ्या आईच्या अंत्यविधीचं सगळं शूटिंग त्यात होतं, मामांनी स्वतः केलेलं. आईची पोटची लेक असून दुफिएताईला हॅम्बुर्गहून कागदपत्रांपायी येता आलं नाही, तुला माहीत आहे. दर रविवारी फोन करून विचारते, फिल्म झाली का. जुलैअखेर ती येतेय. तेव्हा अंगणात पडदा बांधून दाखवू असा शब्द मी देऊन बसलोय. सुलेमाना म्हणतो चांगलं कार्ड टाकलं की फोल्डर भरून येईल. तेव्हा कुठलं कार्ड घ्यायचं ते कळव. जुनं भांडण जुन्या जागी राहू दे.

ओडुरो


टेमा
१२ मे २०१७

तीर्थरूप ओडुरोबाबांस,

साष्टांग नमस्कार. सत्तावीस वर्षांचा बाप आणि तेहतीस वर्षांची लेक, आमच्या नशिबी असाच योग होता. आपल्या रीतीप्रमाणे मामाचं सगळं भाच्याला, आणि मामाची मुलंही भाच्याचीच मुलं! मी तुझं शेंबडं नाक पुसलंय रे, विसरू नकोस. पण मी आईच्या कुळाची पडले, म्हणजे बापाच्या दारात पाहुणी. असो. नाना हे पेटीतून काढून वाचणारच, तर वाचू देत.

आता कामाचं. सुलेमानाला म्हणावं तू केबल वीक, ज्ञान वाटू नकोस. नव्या कार्डाने हरवलेलं परत येत नाही. हे कार्ड आठ डिस्कना एका जुवाला जुंपतं. एखादी डिस्क मेली तर बाकीच्यांकडून तिचा हिशेब भरून काढतं. शिवाय त्याची स्वतःची थोडी आठवण असते. तू काही साठवायला दिलंस की आधी ते हातात धरतं, 'झालं' म्हणून सांगतं आणि मग सवडीने डिस्कवर उतरवतं. मधेच वीज गेली तर हातातला माल बॅटरीवर धरून ठेवतं, तीन दिवस. त्याच्या पुढे नाही.

बाबांची बॅटरी म्हातारी झाली होती. वीज गेली असेल, तिने दम तोडला असेल, आणि आत्याच्या फोल्डरची यादी त्या हातातल्या मालात असेल. म्हणून तो रिकामा दिसतो. आपल्याकडे वीज जायला मुहूर्त लागतो होय? त्यावर आता डोकं फोडू नकोस. शूटिंग डिस्कवर कुठेतरी असेल, शोधावं लागेल.

कार्ड घेताना एवढं बघ. कार्ड त्याच कंपनीचं हवं, म्हणजे आपलं हिरवं कार्ड आहे त्याचीच पुढची पिढी. तरच ते जुन्या डिस्कना ओळखेल. आठवण दोन जीबी. बॅटरीवालं मुळीच नको, कपॅसिटरवालं हवं. आणि नव्या कार्डांवर केबलचं तोंड बदललंय, लहान झालंय, त्यामुळे केबलही नवी लागेल. जुन्या कार्डावरच्या कागदी चिठ्ठीवरचा नंबर तेवढा उतरवून पाठव.

तुझी आज्ञाधारक कन्या,
पोकुआ


बांतामा
१८ मे

ताई,

नंबर मागच्या बाजूला लिहिलाय. सुलेमानाच्या दुकानात तीन कार्डं बघितली. एक हिरवं, पण त्याच्यावरचं चमकणारं लेबल नखाने निघालं. मी काढून दाखवलं तर म्हणतो, साहेब, उकाडा किती आहे! दुसरं युरोपातल्या जुन्या मशीनमधून काढून आलेलं, त्याला बॅटरीच. तिसरं निळं, दुसऱ्याच कंपनीचं, पण नवं कोरं. त्याला सोळा डिस्क लावता येतात, आणि हिरव्याच्या निम्म्यात देतोय. मला ते पटलंय. शनिवारची अंत्यविधींची कामं थांबत नाहीत ना ताई. गेल्या तीन शनिवारांचं शूटिंग मी ह्याच मशीनवर चढवलं. शिट्टी मारतंय, पण घेतंय बिचारं.

दुसरी गोष्ट. सुलेमानाने कार्डाची दैनंदिनी काढून दिली. ते स्वतःच सगळं टिपून ठेवतं म्हणे. त्यात लिहिलंय, १३ फेब्रुवारी, दुपारी चार दहा, वीज गेली, माल बॅटरीवर. १६ फेब्रुवारी, बॅटरी संपली, माल गेला.

१३ फेब्रुवारी म्हणजे मामा गेले तो सोमवार. मी मासळीवालीला विचारलं. तिच्या शीतपेट्या त्या दिवशी दिवसभर चालू होत्या. बांतामात वीज गेलीच नव्हती, ताई.

मग मला आठवलं. दवाखान्यातून निरोप आला, नाना कुलूप घेऊन आले, कॅमेरा आणि त्याची बॅग, मशीनला लावलेल्या मेमरी कार्डासकट, तेवढी शनिवारच्या कामासाठी बाहेर काढली, आणि मला म्हणाले, मेलेल्या माणसाच्या खोलीत काही जळत ठेवू नकोस. दारापाशी भिंतीवर चार बटणं आहेत. चारही मी बंद केली. मग कुलूप लागलं ते चाळीस दिवस. बॅगेतल्या मेमरी कार्डांवर पुढच्याच शनिवारी आम्ही दुसऱ्यांचा अंत्यविधी शूट केला. म्हणजे आईचा शेवटचा दिवस मी माझ्याच बोटाने पुसला.

माझं जेवणात लक्ष नाही. फुफूचा गोळा हातात धरून बसतो आणि बायको हलवून जागं करते. तुला त्यातलं कळतं म्हणून विचारतो. त्या चार बटणांनी मशीन बंद होतं का? हो किंवा नाही, एवढंच लिही.

ओडुरो


टेमा
२० मे

ओडुरो,

आधी हे वाच, मग श्वास घे. मशीनवर काहीही चढवू नकोस! एक फोटोसुद्धा नाही. अरे, आत्याचं शूटिंग डिस्कवर आहे पण त्याचा पत्ता पुसलाय. मशीनला वाटतं ती जागा मोकळी आहे. तू दर शनिवारी तिच्या अंगावर दुसऱ्यांचे मुडदे रचतोयस. बंद करून ठेव ते. शनिवारची कामं सोड नाहीतर बाहेरच्या डिस्कवर घे.

निळं कार्ड घेऊ नकोस. फुकट दिलं तरी नको. त्याला जुन्या डिस्क ओळखता येणार नाहीत. आठही कोऱ्या समजून ते विचारेल, नव्याने मांडणी करू का? आणि सुलेमाना मोठ्या उत्साहाने 'हो' दाबेल. मग बावीस वर्षं गेली. आत्या एकटी नाही, अख्खं कुमासी.

हिरवं मी इथे शोधते. आमच्या बंदरावर जुने सर्व्हर येतात, ओळखीचा एक जण आहे.

चार बटणांचं मला आठवत नाही. वायरिंग बाबांनीच केलं होतं, त्यांनाच माहीत. झालं ते झालं, आता ते उकरून काय मिळणार आहे?

फोन करू नकोस. नानांनी सांगितलंय ना.

पोकुआ


बांतामा
३ जून २०१७

ताई,

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशी सुलेमाना निळं कार्ड लावायला आला होता. लावलं. पडद्यावर विचारलं, नवी मांडणी करायची का, हो की नाही. तो हात पुढे करत होता, आणि मला काय वाटलं कोण जाणे, मी सरळ मशीनचीच तार ओढली. तो हसला. म्हणाला, तुमच्या घराण्याला तार ओढायची सवयच दिसते. मी त्याच्या मुस्काटात ठेवून देणार होतो. दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं. कार्ड परत दिलंय.

दोन शनिवार मी काम घेतलं नाही. अहेन्सा भागातली मोठी कामं होती, ती आसाफोच्या स्टुडिओने नेली. लोक म्हणतात बोआदींचा स्टुडिओ बोआदींबरोबर गेला.

आणि मी सगळ्यांना सांगून टाकलं. माझ्याने राहवेना. रविवारी दुफिएताईचा फोन आला, मी म्हटलं, ताई, फिल्म नाही, मीच घालवली, माझ्या हाताने बटणं बंद केली. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, मला आईला पुरताना बघता आलं नाही, आणि तू तेही ठेवलं नाहीस. त्यानंतर ती माझा फोन उचलत नाही. नानांपुढे मी मेंढा आणि श्नॅप्स दारूची बाटली घेऊन बसलो आणि घराण्याची माफी मागितली. नानांनी बाटली घेतली, मेंढा घेतला, पण माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनीच तर 'काही जळत ठेवू नकोस' म्हटलं होतं! तेवढं मी बोललो नाही. वडीलधाऱ्यांच्या तोंडावर कसं बोलणार?

तुला सात वेळा फोन केला. नानांचा हुकूम मोडून केला. तू उचलला नाहीस.

आता मला वेगाचं काही नको, सोळा डिस्कचं काही नको. मला असं कार्ड दे की उद्या मी मेलो, नानांनी चाळीस दिवस कुलूप ठोकलं, तरी आतलं काही जाणार नाही. असं असतं का काही?

ओडुरो


टेमा
५ जून २०१७

प्रिय ओडुरो,

असतं. माझ्यासमोर टेबलावर आहे. हिरवं, दोन जीबीचं, खरं लेबल, नवी केबल. वीज गेली की कपॅसिटरच्या जोरावर मिनिटभरात हातातला सगळा माल एका चिपवर उतरवतं आणि निवांत झोपतं. मग चाळीस दिवस ठेव नाहीतर चार वर्षं. मी आठवडाभर अकरा कार्डं पालथी घातली. खरं सांगायचं तर तुला उत्तर लिहायला लागू नये म्हणूनच घालत होते.

चार बटणांनी मशीन बंद होत नाही. ती दिव्यांची आणि पंख्याची आहेत. मशीनची लाइन बाबांनी वेगळी काढली होती, थेट मीटरपासून. मला ती माहीत आहे, कारण वायर मी धरली होती.

मीटरचा खटका मी ओढला.

त्या सोमवारी मी तिथे का होते ते तुला माहीत आहे. एक डिस्क खराब झाली होती, ती बदलायला रविवारी आले होते. नवी डिस्क भरत होती म्हणून मशीन रांगत चाललं होतं, आणि बाबा आत्याचं शेवटचं मेमरी कार्ड चढवत होते. मला म्हणाले, पोकुआ, पाणी आण. पाणी आणेपर्यंत खुर्चीतून घसरले होते. दवाखान्यातून मी एकटी रिक्षाने परत आले, कारण मला वाटलं मशीन चालू आहे, नीट बंद केलं पाहिजे. दारात तुम्ही सगळे उभे. मी नानांना म्हटलं, मला दहा मिनिटं द्या. फक्त दहा मिनिटं. ते म्हणाले, कुलूप आलं की कुणी हात लावायचा नाही, आणि तू तर ह्या कुळाचीही नाहीस. आणि तू तिथे उभा होतास, ओडुरो. तू खाली बघितलंस.

मी मागच्या अंगणात गेले आणि खटका ओढला. माझ्या बापाचं मशीन माझं नाही तर कुणाचंच नको, असं डोक्यात आलं. तेवढा एकच क्षण. पण मग तीन दिवस होते ना! अख्ख्या टेमात माझ्याइतकं कुणाला ठाऊक असेल की बॅटरी तीन दिवस धरते? मी काळं नेसून बायकांमध्ये चटईवर बसले होते आणि मोजत होते. मंगळवार, बुधवार, गुरुवार. उठून नानांना एक वाक्य सांगितलं असतं, खटका वर करा, तर भागलं असतं. मी तोंड मिटून बसले. मला वाटत होतं, बघा आता, तुमचं कुलूप.

चाळिसाव्या दिवशी आधी मागे जाऊन गुपचूप खटका वर केला, आणि मग तुला चोर म्हणाले, ते माझ्याकडे कुणी बघू नये म्हणून. आणि तू विचारलंस तेव्हाही खोटं बोलले. तू मेंढा घेऊन बसलास हे वाचलं आणि हे पत्र लिहायला घेतलं.

कार्ड मलाच लावावं लागेल, आणि शोधायचं कामही माझंच. शुक्रवारच्या पहिल्या बसने येऊ का? नको म्हणालास तर कार्ड ड्रायव्हरकडे देईन आणि कागदावर सगळं लिहून देईन.

ह्या पत्राची प्रत पेटीत टाक.

पोकुआ


बांतामा
७ जून

पोकुआ,

ये. स्टँडवर कुणी येणार नाही.

प्रत टाकली. त्याआधी नानांना वाचून दाखवली, आणि फोनवर दुफिएताईला. तिने माझा फोन उचलला, कारण मी निरोप ठेवला होता की आईबद्दल आहे. इथे आलीस की तिच्याशी फोनवर तुलाच बोलावं लागेल. मी मधे पडणार नाही.

मी खाली बघितलं हे खरं आहे. पण मी तीन आठवडे माझ्याच बोटाकडे बघून रडत होतो आणि तू मला 'झालं ते झालं' असं लिहून पाठवलंस.

ओडुरो


टेमा
२६ जून २०१७

प्रिय ओडुरो,

पोहोचले. स्टँडवर सोडायला आलास, बॅग चढवलीस, केळ्याचे तळलेले काप दिलेस, पण बोलला नाहीस. म्हणून पुन्हा कागदावर.

तेरा दिवस त्या खोलीत बसले आणि नानांनी एकदाही कुलूप काढलं नाही म्हणजे बघ. काढलं नाही म्हणजे लावलं नाही! बघ, मला अजून नीट लिहिता येत नाही. दुफिएने मला फोनवर चाळीस मिनिटं जे काही ऐकवलं, ते मी कुणाला सांगणार नाही. शेवटी मात्र तिने विचारलं, तू जेवलीस का? त्यावर मी जी रडले, ते तू दाराबाहेरून ऐकलंच असशील.

आता मशीनचं. हिरव्या कार्डाने आठही डिस्क पहिल्या दमात ओळखल्या तेव्हा तू माझा खांदा इतका दाबलास की अजून दुखतो. शिट्टी बंद आहे ना? पंख्याची धूळ महिन्याला काढ, हे कार्ड तापतं. शनिवारची कामं घे आता बिनधास्त.

आत्याची फिल्म तीन तास दहा मिनिटांची मिळाली. तुझ्या शनिवारांनी दोन ठिकाणी भोक पाडलंय. ढोलांच्या मधेच एजिसू गावचा कुणी म्हातारा तीन सेकंद शवपेटीत दिसतो, तो मी कापून टाकलाय. देवाघरी गेलेला माणूस, राग मानणार नाही. एवढं सोडलं तर आत्या आहे, चर्च आहे, तू आहेस, मुठी वळून उभा.

शेवटची पाच मिनिटं मात्र गेली. ती कार्डाच्या हातातच होती, डिस्कवर कधी उतरलीच नाहीत. तिथे कुणाचाच इलाज चालणार नाही. फिल्म माती टाकायला सुरुवात होते तिथे थांबते. मला वाटतं त्यात फार काही नसेल. फावडी, माती, बायकांचं रडणं. माती सगळ्या फिल्ममध्ये सारखीच असते, हवं तर दुसरीकडची दोन मिनिटं जोडून दे, दुफिएला कळणारही नाही.

पण मी तुला हे सांगितलं तेव्हा तू उठून अंगणात गेलास आणि संध्याकाळपर्यंत आत आला नाहीस. अजून रागावलायस? असशील तर लिहून टाक. शिव्या दे. तुझं गप्प बसणं मला सोसत नाही.

पोकुआ


बांतामा
३१ जुलै २०१७

पोकुआताई,

उत्तराला महिना लागला, कारण लिहायचं की नाही तेच ठरत नव्हतं. काल फिल्म दाखवली. अंगणात पडदा बांधला, दोनशे खुर्च्या मागवल्या तरी लोक भिंतीवर बसले. दुफिएताई पहिल्या रांगेत होती. चर्चपर्यंत ती रडली, मग हसायला लागली, कारण आईच्या मैत्रिणी नाचताना एकीचं डोक्याचं फडकं शवपेटीत पडतं आणि नाना ते काठीने काढतात. माती सुरू झाली आणि पडदा काळा झाला. मी दुसरीकडची माती जोडली नव्हती.  दुफिएताई उठली आणि म्हणाली, चला जेवायला.

रागावलेलो नाही. जूनमध्ये होतो. तू 'शेवटची पाच मिनिटं' म्हणालीस तेव्हा मी अंगणात गेलो, कारण आत बसलो असतो तर तोंडातून निघून गेलं असतं, आणि मी ते तुला लागावं म्हणून बोललो असतो. आता तसं वाटत नाही. दुफिएताई म्हणते कशाला सांगतोस, राहू दे. पण तू लिहिलंस की माती सगळीकडे सारखीच. ते मला रोज टोचतं. तुझ्या बापाची गोष्ट मी एकट्याने ठेवून घेणं बरं नाही.

त्या पाच मिनिटांत मामा होते.

बावीस वर्षांत ते एकाही फिल्ममध्ये नाहीत, तुला माहीत आहे. त्यांच्या स्वतःच्या अंत्यविधीला आपण पासपोर्टचा फोटो मोठा करून लावला. पण सख्खी बहीण होती. त्यांनी कॅमेरा तिकाटण्यावर लावला, मला म्हणाले, ह्याला हात लावू नकोस, आणि फिरून समोर गेले.

मला आठवतं तेवढं लिहितो, कारण आता ते आणखी कुठे नाही. काळं वस्त्र डाव्या खांद्यावरून घेतलं होतं, ते सारखं घसरत होतं. उजव्या हाताने माती घेतली. टाकली नाही लगेच, बोटांनी तिच्यातले खडे वेचून काढले. मग टाकली आणि आईला काहीतरी म्हणाले, ते मला ऐकू आलं नाही. नंतर कुठे बघावं ते त्यांना कळेना. जन्मभर लोकांवर ओरडले, कॅमेऱ्याकडे बघू नका म्हणून, आणि स्वतः सरळ त्याच्यातच बघितलं. पोट आत घेतलं. हसले. आणि म्हणाले, "पोकुआ, कापायला बसशील तेव्हा मला ठेव गं."

मग परत आले कॅमेऱ्याकडे, हात पुसत. डाव्या पायाने जरा लंगडत होते. कायम कॅमेऱ्यामागे उभे, त्यामुळे आम्हाला कुणाला ते आधी कधी दिसलंच नव्हतं. तुला माहीत होतं का?

ओडुरो